ताणावरची माणसं

माघ उतरला की संत्र्याला फूल येतं, आणि सौंसरच्या बसमध्ये कोणीतरी खिडकी उघडून मला सांगतं, काय वास सुटून राहिला ताई. मी खिडकी लावायला सांगते. मागच्या वर्षी यावरून एका मास्तरांशी माझं भांडण झालं. ते म्हणाले, फुलाच्या वासाचा कोणाला त्रास होतो का? मी म्हणाले, मला होतो, आणि तिकीट मीही काढलं आहे. कंडक्टरने शेवटी मास्तरांनाच मागच्या सीटवर बसवलं. तो मला ओळखतो. पांढुर्ण्यापासून मोहगावपर्यंत मला न ओळखणारा कंडक्टर सापडायचा नाही. प्रत्येकाशी कधी ना कधी संत्र्याच्या पेट्यांच्या भाड्यावरून माझं वाजलेलं आहे.

हा महिना मोठा विचित्र असतो. एका बगीच्यात पावसाळी मृगबहाराचा माल झाडावर पिवळा होऊन लटकलेला, तोडणारी माणसं शिड्या लावून चढलेली, आणि बांधाच्या पलीकडच्या बगीच्यात पुढच्या, आंबिया बहाराचं फूल उमललेलं. एका अंगाने सालीचा उग्र वास, दुसऱ्या अंगाने फुलाचा गोड. मधे पेट्यांत भरायचं भिजलेलं तणस. ज्याने हे कधी अनुभवलं नाही त्याला मी समजावून सांगू शकत नाही, आणि ज्याने अनुभवलं त्याला सांगायची गरज नाही. पूर्वी मीही या वासात उभी राहून माल बघायची. आता नाकाला पदर लावून बघते. शेतकऱ्यांना वाटतं बाई भाव पाडायला नाक मुरडते आहे. वाटू दे. त्याचा उपयोगच होतो.

मी जिनपुऱ्याची. जिनपुरा म्हणजे पांढुर्ण्याची रेल्वेलाइनीपलीकडची वस्ती. कापसातली सरकी काढायचा एक मोठा जिन होता, त्याच्या भोवती मजुरांनी घरं बांधली, म्हणून जिनपुरा. जिन बंद पडला त्याला माझी अर्धी उमर झाली. भोंगा गेला, पण त्याच्या वेळा लोकांच्या अंगात राहिल्या. माझा मोठा भाऊ वामन सकाळी आठला चहाची कपबशी खाली ठेवून ताडकन उभा राहायचा. मग कुठे जायचं नाही हे आठवून पुन्हा बसायचा. आमच्या गल्लीत अशी उठबस करणारे आठदहा जण होते. त्यांच्या बायका त्यांना हसायच्या. मी नाही हसले कधी. ज्या माणसाला जायला जागा नाही त्याचे पाय काय करणार?

नळ एक दिवसाआड. रस्ता कागदावर दोनदा झालेला. अंडरब्रिजखाली पाणी भरलं की आम्ही चारचार दिवस गावापासून तुटायचो आणि गावाला ते कळायचंही नाही. एका दिवशी मात्र आमची सगळ्यांना आठवण व्हायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या दगडफेकीला, जाम नदीच्या या काठावरचे म्हणायचे, जिनपुरा आमचा, आणि त्या काठावरचे सावरगाववाले म्हणायचे, आमच्या सोयऱ्यांचा. नेम चांगला असलेली माणसं आमच्याकडे होती ना. दगड मारायला आम्ही दोघांचे, नाली काढायला कोणाचेच नाही.

तरी वस्ती जिवंत होती. दुपारी बायका ओट्यांवर बसून पेट्यांना खिळे ठोकायच्या, त्या ठकठकीत एक ताल असायचा. चुलीवर तुरीच्या दाण्यांची आमटी, भिंतीवर जिनमधून आणलेल्या जुन्या पत्र्याची पट्टी, आणि भांडणं. भांडणं तर अशी की पलीकडच्या मालगाडीचा गार्ड थांबून ऐकेल. त्यातली निम्मी माझी असायची, हे मी कबूल करते.

मी इथे बाविसाव्या वर्षी परत आले. नवऱ्याने दुसरी आणली होती आणि सासू म्हणाली, राहायचं तर राहा, पण चूल एकच राहील. एका चुलीवर दोन बायका, हा सौदा मला परवडणारा नव्हता. तिगावच्या स्टेशनावर पाटीत संत्री घेऊन बसू लागले. गाडी दोन मिनिटं थांबायची. दोन मिनिटांत भाव सांगायचा, भांडायचं, मान खाली घालून तोंड पाडायचं आणि हवा तोच भाव घ्यायचा. माझी शाळा ती. पुढे गळालेला माल विकत घेऊ लागले, मग झाडावरचा, मग अख्खे बगीचे. जिनमागे पत्र्याची एक शेड घेतली आणि तिथे पॅकिंग सुरू केलं. वस्तीतल्या तीस बायका माझ्याकडे कामाला होत्या. त्या मला कंजूस म्हणायच्या, आणि काम सोडून जायच्या नाहीत.

एकच गोष्ट मला जमत नव्हती. आमच्याकडे मोठा सौदा तोंडाने होत नाही, दुपट्ट्याखाली होतो. दोन माणसं हातात हात देतात, वर दुपट्टा टाकतात आणि बोटं दाबून भाव बोलतात. चार बोटं दाबली, समोरच्याने एक दुमडली, मग तीन आणि अर्धं, असं. बघणाऱ्याला काही कळत नाही. पण परक्या बाईच्या हातात हात कोण देणार? व्यापारी माझ्याशी हसून बोलायचे, चहा पाजायचे, आणि सौद्याची वेळ आली की विचारायचे, घरी माणूस नाही का कोणी? या प्रश्नाने माझ्या डोक्यात जो जाळ व्हायचा तो अजून होतो.

म्हणून भाऊ. त्याचा उजवा हात दुपट्ट्याखाली शेतकऱ्याच्या नाहीतर व्यापाऱ्याच्या हातात, आणि डावा हात पाठीमागे माझ्या हातात, माझ्या पदराखाली. मी डावा दाबायची, तो उजवा दाबायचा. लोकांना वाटायचं वामनभाऊ सौदा करतो. पण गंमत अशी की तो माझं सरळ कधी ऐकायचा नाही. मी तीन बोटं दाबली की तो माझ्याच हातात एक वाढवून परत दाबायचा, म्हणजे शेतकऱ्याला थोडं सोड, पोरीचं लग्न आहे त्याच्या. मी त्याच्या तळव्यात नख रुतवायची. तो हलायचा नाही. समोरच्याशी एक भांडण, माझ्याशी एक, दोन्ही हातांनी, आणि चेहरा असा की जसं काही देवळात बसला आहे. इतक्या वर्षांत त्याने माझी पहिली बोली एकदाही मानली नाही. घरी आल्यावर मी भांडी आदळायची. तो म्हणायचा, "तुह्यासारखे दोघं झाले तर शेतकरी झाडं तोडून टाकतीन, शांते." वहिनी लवकर गेली होती, मूल नव्हतं. आम्ही दोघंच एकमेकांना होतो आणि एकमेकांना पुरत होतो.

चार वर्षांपूर्वी पौषात झिंगरू बाबा गेला. जिनचा जुना चौकीदार. मुलगा नागपूरहून यायचा होता म्हणून तिरडी दुपारपर्यंत थांबवली. दुपारी बाबा उठून बसला. तोंडातलं तुळशीचं पान तसंच होतं.

आम्ही काय केलं ते सांगते, कोणी हसलं तरी चालेल. आम्ही त्याला ओवाळलं. शेजारची सिंधू चहा घेऊन आली. तिच्या नवऱ्याने, रमेशने, तिरडीचे बांबू मोडून चुलीत घातले. बाबाने चहा घेतला नाही. तो उठला, सावकाश चालत जिनच्या फाटकाशी गेला आणि जिथे तो चाळीस वर्षं उभा राहिला होता तिथे उभा राहिला. टीव्हीवर तेव्हा दुसऱ्या शहरांची चित्रं चालली होती. झॉम्बी झॉम्बी म्हणत होते. आम्ही रोज पाहत होतो. पण ती माणसं धावत होती, काचा फोडत होती. आमचा बाबा गुमान फाटकाशी उभा होता. टीव्हीतलं आणि आपल्या गल्लीतलं एकच आहे हे कोणाच्या मनात येतं? आम्ही त्याला परतलेला म्हणालो. झॉम्बी हा शब्द वस्तीत कोणी तोंडाने काढला नाही, शेवटपर्यंत नाही.

भाऊ त्याच्याजवळ गेला. आणि इथे आमची चूक झाली. ती दुसऱ्या कोणत्या मुलखात झाली नसती.

आंबियाचा बहार घ्यायचा तर संत्र्याच्या झाडाचं पाणी पौषात तोडतात. झाड ताणावर सोडलं म्हणतात त्याला. महिनाभर पाण्याचा थेंब नाही. पानं मलूल होतात, वळतात, गळतात. नवखा बघेल तर म्हणेल झाड गेलं. जुना माणूस फांदीवर नखाने ओरखडा काढतो. सालीखाली हिरवं दिसलं की झाड जिवंत. मग पाणी द्यायचं. पंधरावीस दिवसांत त्याच मेलेल्या दिसणाऱ्या झाडावर इतकं फूल येतं की पान दिसत नाही. आम्ही सगळे यावर जगलेलो. मेल्यासारखं दिसणारं मेलेलं नसतं, धीर धरायचा असतो, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, ते आमच्या पोटापाण्यातच होतं.

भावाने बाबाचा दंड हातात घेतला. कातडी वाळलेली, सुरकुतलेली. त्याने नखाने हलकाच ओरखडा काढला. आत हिरवट ओल दिसली.

"मेला नाई हा," भाऊ म्हणाला. "तानावर हाय. पाणी लागन याले."

सगळ्या गल्लीने श्वास सोडला. माणसाच्या अंगात हिरवं दिसलं तर त्याचा अर्थ काय होतो, हे कोणत्याही डॉक्टरने सांगितलं असतं. आम्हाला झाडाचं माहीत होतं. बाबाने तेवढ्यात मान वळवली आणि भावाच्या मनगटाला दात लावले. जोरात नाही. दात येणारं लेकरू चावतं तसं. भाऊ हसला होता. म्हणाला, तहान लागली असन.

सहाव्या दिवशी भाऊ तापाने गेला आणि ऊन उतरायच्या आत परतला. तोवर वस्तीत असे नऊ जण झाले होते.

मी त्यांना माझ्या शेडमध्ये ठेवून घेतलं. तणसावर जाड सतरंज्या टाकल्या. पेट्या बांधायच्या दोरीने नाही बांधलं, लुगड्यांच्या मऊ पट्ट्या केल्या आणि खांबांना बांधलं. तोंडाला उपरणी गुंडाळली. भाऊ मधल्या खांबाशी. डोळे उघडे. आठ वाजले की तो गुडघ्यांवर जोर देऊन उठायला बघायचा. हे मी पाहिलं आणि माझी खात्री झाली की तो आत आहे.

मग वाट अडवायला अंडरब्रिजशी आणि सौंसर रोडला बल्ल्या, लाकडी वासे, ठोकल्या गेल्या. एक साहेब गाडीतून आले. कोणत्या खात्याचे ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तोंडावर दोन मास्क. म्हणाले, परतलेले जे कोणी असतील ते उद्या सकाळी आमच्या ताब्यात द्या. पुढे काय करणार, हे विचारायची वस्तीत कोणाची छाती झाली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं जिला भांडकुदळ म्हटलं, तिच्याकडे.

मी बल्लीला हात टेकवून उभी राहिले आणि सौदा केला. तीस दिवस मागितले. ते म्हणाले, तीन. मी म्हणाले, "तीन दिवसात मोड येते साहेब, फूल येत नाई." त्यांना अर्थातच कळलं नाही. मी ताणाचं समजावून सांगितलं, आवाज चढवला, उतरवला, रडले, मग शिव्या दिल्या. माझ्याकडे होतं ते सगळं मी त्या दुपारी बाजारात काढलं. साहेब दूर जाऊन फोनवर बोलले. परत येऊन म्हणाले, पंधरा.

तीनवरून पंधरावर, एका उडीत. तिगावच्या फलाटावर बसणारी माझ्यातली बाई शुद्धीवर असती तर तिला तेव्हाच वास आला असता. जो माणूस पायरीपायरीने चढत नाही त्याचं त्या सौद्यात काही जात नसतं. पंधरा दिवस त्यांनी आम्हाला दिलेच नाहीत. बल्ल्यांच्या आतले दिवस आमचेच होते, आमचेच आम्हाला दिले. बाहेर पांढुर्णा सुरक्षित होता, आत आम्ही एकमेकांना खाऊन संपलो असतो तरी त्यांचं काय जात होतं? एकदाही कोणी आत येऊन बघितलं नाही. एक औषध नाही, एक माणूस नाही. हा माझा राग आहे, आणि तो मी चार वर्षं बसमध्ये, बाजारात, लग्नात, जिथे बसेन तिथे बोलून दाखवते. लोक ऐकून घेतात. काहीजण उठून जातात.

पण त्या दिवशी वस्तीने मला डोक्यावर घेतलं. सिंधूने माझ्या तोंडात साखर कोंबली. रमेश म्हणाला, "ताई, तुम्ही यमाशीही भाव कराल." मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू, फार आवडलं.

आणि पाणी सुरू झालं. आधी हलकं, ओंजळभर, जसं ताण तोडताना देतात. मग भरपूर. वस्तीच्या बायका एक दिवसाआडच्या नळाचं पाणी घरात न ठेवता शेडमध्ये आणू लागल्या. ओठांवर, डोक्यावर. आणि पायांवर. हो, पायांवर. म्हाताऱ्या बायका लोटा वाकवून त्यांच्या पायांभोवती गोल पाणी घालायच्या, आळ्यात घालतात तसं. तणस भिजून काळं झालं. कोणी कोणाला हे चूक आहे असं म्हणालं नाही. सगळ्यांचे हात जन्मभर जे करत आले तेच करत होते.

आता जे लिहिते ते मी चार वर्षांत कोणाशी बोलले नव्हते.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी शेडमध्ये एकटीच होते. भावाच्या समोर बसले. त्याचा डावा हात सोडवला. तो हात माझाच होता तसा. वर दुपट्टा टाकला, बघायला कोणी नव्हतं तरी. मला एवढंच बघायचं होतं की तो आत आहे. मी तीन बोटं दाबली.

थोडा वेळ गेला. मग त्याने दाबली. मला रडू फुटलं. मोजली तर तीन होती.

मी चार दाबली. चार आली. दोन दाबली. दोन. एक बोट धरून ठेवलं, त्याने एक धरून ठेवलं. मी त्याच्या तळव्यात नख रुतवलं, जोरात, आणि माझ्या तळव्यात तसंच नख रुतलं. मग मी काहीतरीच बोली लावली, कोणताही शहाणा माणूस हात झटकून उठेल अशी. ती त्याने जशीच्या तशी परत दिली.

माझा भाऊ माझ्याशी एका बोटाने तरी भांडला असता. मरताना भांडला होता, औषधाची गोळी अर्धीच दे म्हणून. समोर बसलेलं जे होतं ते माझ्या प्रत्येक बोलीला हो म्हणत होतं. मी दुपट्टा काढला, त्याची घडी घातली आणि हात पुन्हा खांबाला बांधला. गाठ सैल नाही ना, हेही पाहिलं. म्हणजे मला पुरतं समजलं होतं.

शेडबाहेर रमेश पाण्याची कळशी घेऊन उभा होता. त्याची आई आत होती, नऊ जणांतली एक. उपरणं सोडून तिच्या तोंडात पाणी घालायचं की नाही, यावर सकाळपासून त्याचं मन मागेपुढे होत होतं. त्याने मला विचारलं, "काय म्हणते वामनभाऊ?"

मी म्हणाले, "हात देऊन राहिला."

शब्द खोटा नव्हता. त्याच्यासारखं तोंड उजळलेला माणूस मी नंतर पाहिला नाही.

का बोलले मी असं? रोज स्वतःला विचारते. खरं सांगितलं असतं तर गाडी त्याच दुपारी आली असती आणि भावाला घेऊन गेली असती. मेलेला का असेना, डोळ्यांसमोर होता. हे एक. दुसरं जास्त लाजिरवाणं आहे. पंधरा दिवस मी भांडून मिळवले होते. त्यातले बारा शिल्लक होते. मिळवलेली गोष्ट परत नेऊन देणं माझ्या स्वभावात नाही. फाटकी नोट खपवीन, पण परत घेणार नाही, अशी मी. त्या बारा दिवसांना मी मालासारखी धरून बसले.

रमेश पाचव्या दिवसापर्यंत धीराने होता. मग त्याने आईचं उपरणं सोडलं, आणि सातव्या दिवशी तोही खांबाला होता. तेराव्या दिवसापर्यंत शेडमध्ये जागा उरली नव्हती, आणि ज्या बायका पायांवर पाणी घालत होत्या त्यांच्यातल्याच कितीतरी आता खांबांना होत्या. किती, ते मी मोजलेलं नाही.

आणि त्याच दिवशी फूल आलं. आमच्याकडे नाही, बल्ल्यांपलीकडच्या बगीच्यांत. त्यांनी पाणी त्याच आठवड्यात सोडलं होतं ज्या आठवड्यात आम्ही. सकाळी वारा फिरला आणि सगळ्या जिनपुऱ्यावर तो वास आला, गोड, दाट, घशात उतरणारा. उरलेली माणसं घरांतून बाहेर आली. एकमेकांकडे बघून हसली. म्हातारा किसन तर कपडे बदलून, टोपी घालून शेडच्या दारात येऊन उभा राहिला, बायको आता ओळख देईल म्हणून. झाडं फुलली म्हणजे आपली माणसंही आता फुलणार. त्या सगळ्या गर्दीत एकटी मी होते जिला ठाऊक होतं. मीही हसले. हा तो वास आहे, मास्तर, ज्याच्यापायी मी तुमची खिडकी बंद करायला लावली.

पंधराव्या दिवशी गाड्या आल्या. शब्द दिला होता, मी दार उघडलं. भावाला मी स्वतः नेलं, डाव्या हाताला धरून. गाडीच्या पायरीशी तो थांबला. पाय वर उचलायचा हे त्याला सुचत नव्हतं. मी वाकून त्याचा एक पाय पायरीवर ठेवला, मग दुसरा. सिंधू गाडीपर्यंत रमेशबरोबर गेली आणि परत येऊन खांबाला पाठ लावून बसली. ती रडली नाही. दोन दिवस जेवली नाही.

आम्हा उरलेल्यांना सौंसरच्या बाहेर एका मोकळ्या इमारतीत ठेवलं, मग सोडलं. जिनपुऱ्याची घरं पाडली. आता तिथे चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले आहेत. जिनची चिमणी तेवढी उभी आहे. पांढुर्ण्याला जाताना बस तिथून वळते आणि मी दुसऱ्या बाजूला बघते. सौंसरला दोन खोल्या घेऊन राहते. रोडवर नवीन शेड घातली आहे. आता व्यापारी माझ्याशी तोंडाने सौदा करतात, मोबाइलवर. घरी माणूस नाही का, असं कोणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत आहे, नाही म्हणून.

सिंधू माझ्याकडे माल निवडते. तिच्यासारखी नजर कोणाची नाही. संत्रं हातात घेतलं की ते आतून पोकळ आहे का, हे तिला वजनावरून कळतं. दुपारी आम्ही दोघी एकाच डब्यातून जेवतो. ती माझ्या साहेबावरच्या शिव्या ऐकते, ठेचा पुढे सरकवते, म्हणते, जाऊ द्या वो ताई. चार वर्षं हे असंच चाललं. आणि तो ठेचा मी दरवेळी तसाच ठेवला.

या वर्षी फूल आलं त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. जेवता जेवता मी तिला सांगितलं. "सिंधू, तिसऱ्या दिवशी मले समजलं होतं. भाऊ मेलेला होता. माह्या हातात त्याचा हात होता. मी रमेशले खोटं बोलली." सगळं सांगितलं, दुपट्टा, बोटं, नख, कळशी. मग थांबले. ती मला मारेल, निदान डबा भिरकावेल, असं वाटलं. मला ते हवं होतं. मी तयारीने बसले होते.

तिने भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला.

"भाऊचा हात कसा होता? थंडा?"

"थंडा."

"मंग ते गेले असन," ती म्हणाली. "ह्यांचा गरम होता. गाडीत बसवाच्या वक्ती मी धरला होता. तळवा गरम होता, ताई."

मी म्हणाले, ऊन होतं, पत्र्याची शेड होती, तापलेली. मी भांडायलाच लागले, सवयीने. तिने मला बोलू दिलं. मग माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, "झाडाले वीस दिवस लागते. ह्यांले तर पाचव्या दिवशी दात लागला, दोन दिवसानं परतले. तुम्ही पंधराव्या दिवशी दार उघडलं. ह्यांचे आठच झाले होते. तुम्ही दिवस तुमच्या भावाचे धरले."

शेडमध्ये बाया पेट्यांना खिळे ठोकत होत्या. मी डब्याचं झाकण लावलं.

त्या दिवसापासून सिंधू माझ्याशी बोलत नाही. कामाला येते, वेळेवर, माल निवडते, डबा वेगळा खाते. ज्या चुकीसाठी ती माझ्यावर रागावली आहे ती मी केलेली नाही, आणि जी केली ती तिने ऐकून बाजूला ठेवली. रोज सकाळी मी ठरवते की आज तिच्यासमोर बसायचं आणि एकेक गोष्ट नीट समजावून सांगायची. माझ्या शब्दावर विसंबून तुझा नवरा आत गेला, सिंधू, आणि गाडीत चढवला तेव्हा तो मेलेलाच होता. मी भल्याभल्यांना पटवलं आहे, तिलाही पटवीन.

मग ती येते, पदर खोचते, ढिगातलं पहिलं संत्रं उचलून तळव्यावर तोलते. आणि माझ्या लक्षात येतं की तिच्याजवळ त्या सगळ्यातून एक गरम तळवा तेवढा उरला आहे. तो मी तिच्याकडून कशाच्या बदल्यात मागू?